रानआल्याचा चहा

रामदासला सगळं कळत असे. लालबागच्या त्या चाळीत समितीच्या सभांची व्यवस्था त्याच्याकडे होती, आणि व्यवस्था म्हणजे इतरांना कामं सांगणं, हे तर त्याला फारच चांगलं कळत असे.

सुंदराबाईंच्या दारापुढे गॅलरीत घासलेटचा एक जुना डबा होता. त्यात रानआलं. माहेरच्या परड्यातून आणलेलं. परडं पुढे रस्त्याखाली गेलं, तेव्हा उरलं ते एवढंच. त्याच्या पानांत त्या पातोळ्या उकडत, कधी बांगडा गुंडाळून निखाऱ्यावर ठेवत. लाल बोंडं पिळून निघणारा बुळबुळीत, सुवासिक रस शैलाच्या, म्हणजे लेकीच्या, केसांना. पाय मुरगळला तर कंद उगाळून लेप. तोंडात मात्र तो कंद घालवत नसे, इतका कडू.

थंडीत पानं पिवळी पडून झडतात, कंद मातीत जिवंत राहतो. सुंदराबाई तेव्हा पाणी तोडत आणि डबा कोपऱ्यात सरकवत. रामदासला एवढंच काय ते कळत नसे.

माघातल्या एका दुपारी त्या गिरणीतल्या पाळीवरून आल्या, तर डब्यातली माती उकरलेली आणि मधोमध फलकाची काठी रोवलेली: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

"झाड मेलेलं, मावशी," रामदास म्हणाला. "पण खाली आलं निघालं की! स्वयंसेवकांच्या चहात टाकलं. वाया नाही जाऊ दिलं."

"सगळं?"

"अर्धं. बाकीचं दुसऱ्या किटलीसाठी ठेवलंय."

खाली अंगणात स्टोव्ह फरफरत होता. वीस स्वयंसेवक भरलेले कप धरून उभे होते. त्यांतल्या कोंडीरामने आपला कप मोरीत ओतला होता. पण व्यवस्थापकाला सांगणार कोण?

सुंदराबाईंना ओरडता आलं असतं. पण ओरडलं की रामदास भाषण सुरू करी, आणि भाषण संपेतो दुसरी किटली उकळली असती.

"चहा झकास झालाय म्हणे," रामदासबरोबर खाली येत त्या म्हणाल्या.

"गावठी आलं ते! बाजारातल्याला ही चव कुठली?"

"मग तू नाही घेतलास तो? घे की."

सगळे बघत होते. रामदासने घोट घेतला. मग, बघत होते म्हणूनच, कप संपवला. डोळ्यांत पाणी आलं.

"कसा आहे रे?"

"उत्तम."

"मग अजून एक घे. घोषणा द्यायच्यात तुला, घसा मोकळा होईल."

दुसरा कप अर्ध्यावर अडला. रामदासने घसा खाकरला. "दुसरी किटली साधीच टाका. हे आलं... जरा उष्ण पडतं."

"पडतं खरं," म्हणत सुंदराबाईंनी स्टोव्हजवळचे कंद पदरात घेतले. चार तुकडे, त्यांतल्या दोनांना कोंब फुटायचे डोळे होते. डबा त्यांनी परत मागितला नाही. काठीच्या बुंध्याशीच कंद पुरले.

जूनपर्यंत फलक उडून गेला होता, काठी तेवढी राहिली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हिरवे कोंब वर आले. रामदास जाता जाता थबकला.

"मावशी, हे काय उगवलंय?"

"आलं," सुंदराबाई म्हणाल्या. "चहा टाकू?"

रामदासला एकदम कुठलं तरी काम आठवलं.