वगळलेलं घर

आमच्या दाराला बाहेरून एक कुलूप आहे. आतून एक कडी, एक बोल्ट, एक साखळी, एक लोखंडी आडवी पट्टी आणि आईच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवलेलं बाहेर बघायचं भिंग. ताईचं लग्न झालं तेव्हा यातलं फक्त कुलूप आणि कडी होती. बाकीच्या चार वस्तू ताईने आणल्या, एकेका भेटीत एकेक, आणि भावोजींनी ड्रिल मशीन आणून त्या बसवून दिल्या. या घरात मी राहते. आईची औषधं मी आणते, डॉक्टरकडे मी नेते, तिचा चष्मा हरवला की मी शोधते. पण संध्याकाळी दार लावताना आई त्या चारही वस्तूंवरून हात फिरवते. तो हात मला बघवत नाही.

मी पोलीस खात्याच्या आकडेवारी विभागात काम करते. सहा वर्षांपूर्वी आमच्या भागात वर्षाला चव्वेचाळीस घरफोड्या नोंदल्या गेल्या होत्या. गेल्या वर्षी अकरा. लोकांनी तक्रार करणंच सोडलं असेल, अशी शंका मलाही आली होती, म्हणून मी विम्याचे दावे काढून पाहिले. तेही साधारण तेवढेच घटले होते. म्हणजे चोऱ्या खरंच कमी झाल्या होत्या. हे मी आईला आलेख काढून दाखवलं. तिने तो नीट पाहिला, रेघ छान आली आहे म्हणाली, आणि ताईचा फोन आला म्हणून उठून गेली.

ताईचा फोन रोज संध्याकाळी यायचा, आणि रोज तिच्याकडे एक चोर असायचा. कधी गच्चीवरून उतरलेला, कधी नळ दुरुस्त करायला आलेला, कधी पत्ता विचारणारा. आई फोन दोन्ही हातांनी धरून ऐकायची. मग जेवताना तो चोर मला सांगायची, ताईच्याच शब्दांत, ताई थांबते तिथेच थांबून. मी आकडा सांगितला की आई म्हणायची, "हो का?" आणि पोळी वाढायची. माझ्याकडे फक्त न झालेल्या चोऱ्या होत्या. त्यांची गोष्ट होत नाही.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांची सायकल गेली तेव्हा ताईने विषय काढलाच. तिच्या इमारतीला फाटक आहे, रखवालदार आहे, जिन्यात कॅमेरे आहेत. आईने तिच्याकडेच राहायला यावं. खोलीला रंगही देऊन झाला होता. रंग कोणता हवा ते आईला विचारून दिला होता, हे मला रंग वाळल्यावर कळलं.

मी म्हटलं, हा भाग सुरक्षित आहे, मी आकड्यांनिशी सांगते.

"बाईसाहेब," ताई म्हणाली, "तुमच्या टक्क्यांनी दार बंद होतं का?"

भावोजी हसले. आईही हसली, मग माझ्याकडे बघून तिने हसू आवरलं. शेवटी तीच म्हणाली की आधी हिची ती पाहणी होऊ दे, मग ठरवू.

पाहणी ऑफिसची होती. चोऱ्या घटत असताना लोकांना त्या वाढल्यासारख्या का वाटतात, हे खात्याला हवं होतं. पद्धत मी सुचवली. आमच्या भागातल्या आठ गल्ल्या घ्यायच्या. चार गल्ल्यांत घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे आणि निघताना खऱ्या आकड्यांचं पत्रक द्यायचं. उरलेल्या चार गल्ल्यांना हातही लावायचा नाही. चार महिन्यांनी आठही गल्ल्यांत एकच प्रश्न विचारायचा आणि पत्रकाने भीती किती उतरली ते मोजायचं. विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, स्वतःचाच भाग कशाला? लोक मला ओळखतात, दार उघडतील, असं मी सांगितलं. हे कारण खरं होतं. पुरं नव्हतं. आईच्या डोळ्यांदेखत ताई चुकीची ठरायला हवी होती.

प्रश्न चौदा होते. पहिल्यांदा, भागात चोऱ्या वाढल्या आहेत असं वाटतं का, एवढं विचारून घ्यायचं आणि मग बारकाव्यांत शिरायचं होतं. दाराला किती कड्या आहेत? मागची खिडकी बाहेरून उघडते का? दुपारी घरात कोण असतं? पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाई खिडकीच्या प्रश्नाला मशीन थांबवून उठल्या, आत जाऊन गज हलवून आल्या आणि म्हणाल्या, "निघतो की गं एक." इतकं काटेकोर उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी खुशीत नोंद केली. पत्रक दिलं, तेही त्यांनी वाचलं. मग मी दाराबाहेर पडल्यावर त्यांनी कडी लावल्याचा आवाज आला. मी आले तेव्हा दार सताड उघडं होतं.

आमचं घर त्या चार गल्ल्यांतच येत होतं. ते मी वगळलं. पाहणी करणाऱ्याने स्वतःचं घर मोजायचं नसतं, उत्तर एका बाजूला कलतं. हा नियम पहिल्या वर्षीच शिकवतात.

पाहणी संपत आली तेव्हा भागातल्या सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरला. चष्मा लावलेली एक तरुणी, गळ्यात ओळखपत्र, घरोघर जाऊन दारखिडक्यांची माहिती काढते आहे. मागे टोळी आहे. सावध राहा, पुढे पाठवा. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो ताईने टाकला होता. लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी ती त्या ग्रुपमध्ये होती. मी नव्हते.

मी तिला फोन केला. ती आधी घाबरली, मग हसायला लागली, मग तिने मनापासून माफी मागितली. तिला तो निरोप दुसऱ्याच कुणाकडून आला होता, तिने वाचता वाचता पुढे ढकलला होता.

"पण एक सांगू का?" ती म्हणाली. "तू होतीस म्हणून ठीक. दुसरी कुणी असती तरी त्यांनी सगळं सांगितलंच असतं की."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मला जास्तच राग आला. तो निरोप खोटा आहे असं तिने लगेच सगळीकडे कळवलं. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे दोन बायका मला ओळखून बाजूला झाल्या.

घरी आले तर आई पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी बॅग उघडी होती. पाहणीचा निकाल यायला अजून चार महिने होते, हे मी तिला सांगितलं. ते तिला माहीत होतं.

"ती टोळीवाली बाई म्हणजे मीच आहे," मी म्हटलं. "कुणी चोर नाही, टोळी नाही. तुला कळतंय ना?"

"निरोप वाचला तेव्हाच कळलं. तुझाच चष्मा."

"मग कशाला घाबरतेस?"

आईने हातातली घडी मोडून पुन्हा घातली. ती म्हणाली, शिंपीणबाईकडे गेलीस, कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडे गेलीस. त्या आजारी मास्तरांच्या पलंगापाशी अर्धा तास बसलीस, सगळी गल्ली सांगते, काय आपुलकीने विचारते तुमची मुलगी. एकटं असताना भीती वाटते का, हेसुद्धा विचारतेस म्हणे.

"तो अकरावा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मला नाही विचारलास."

मी तिला नियम सांगितला. आपल्या घरातल्या माणसाचं उत्तर धरता येत नाही, सगळी पाहणी बाद होते, हे मी तिला उदाहरण देऊन समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आई नेहमी सगळं ऐकून घेते.

"तू सांगतेस काही होणार नाही," ती म्हणाली. "तुझं बरोबरच असेल. ती विचारते, दार लावलंस का, जेवलीस का, आता घरात कोण आहे. रोज विचारते."

"ती तुला घाबरवते, आई."

"घाबरवते. पण विचारते."

तेव्हा मी अकरावा प्रश्न विचारला. उभ्या उभ्याच, पाहणीचे कागद लावलेली फळी धरावी तसा हात छातीशी धरून. आई हसली. आता कशाला, म्हणाली, तुझी पाहणी बाद व्हायची. आणि मला बॅगेची चेन ओढायला सांगितली, कारण ती तिला ओढवत नव्हती.

रविवारी ताई आणि भावोजी गाडी घेऊन आले. ताईने आईचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या. त्या पायऱ्या आई रोज एकटी उतरायची. गाडीत बसण्याआधी ताईने मला मिठी मारली आणि म्हणाली, तूही ये की गं राहायला, जागा आहे. तिच्या बोलण्यात कुजकेपणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला.

चार महिन्यांनी मी आठही गल्ल्यांत फिरून एकच प्रश्न विचारला: गेल्या काही महिन्यांत आपल्या भागात चोऱ्या वाढल्या आहेत असं वाटतं का? टोळीचा तो निरोप मिळाला होता का, हेही विचारून घेतलं. आठही गल्ल्यांत तो जवळपास सारख्याच प्रमाणात पोचला होता. मी आधी गेले नव्हते त्या चार गल्ल्यांत बावन्न टक्के लोक हो म्हणाले. मी गेले होते त्या चार गल्ल्यांत सुरुवातीला चोपन्न टक्के लोक हो म्हणाले होते, आता एकोणऐंशी. त्या चार महिन्यांत आठ गल्ल्यांत मिळून नोंदली गेलेली घरफोडी एक.