पालथ्या हाताची ऊब

जरा हळू बसा, मित्रांनो. मी एक जुनी आरामखुर्ची आहे आणि माझा डावा हात सैल झाला आहे. त्यावर भार टाकलात तर मी कुरकुरेन; रागाने नव्हे, वयाने. आताशा मला बोलण्याचाही शीण होतो. पण ज्या बाईविषयी सांगायचे आहे, तिला माझ्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही. म्हणून बोलते.

मला एका सुताराने घडवले. त्या माणसाला घाई कशी ती ठाऊक नव्हती. माझी पाठ किती कलती असावी हे ठरवण्यासाठी तो माझ्या उघड्या सांगाड्यात बसे, क्षणभर डोळे मिटे आणि उठून पुन्हा रंधा हाती घेई. पाठीत आणि बसकेत काथ्या-कापूस भरून झाल्यावर मी एका चष्मेवाल्याच्या घरी गेले. दिवसभर इतरांची नजर तपासून दमलेला तो गृहस्थ संध्याकाळी माझ्यावर टेकून स्वतःचे डोळे मिटत असे. पाहुण्यांना म्हणे, "बसायला घरात जागा पुष्कळ आहेत, टेकायला ही एकच." हे एवढे कौतुक मी पुढे कितीतरी वर्षे पुरवून पुरवून वापरले.

तो गेल्यावर मी जिन्याखाली गेले. माझ्यावर आधी वर्तमानपत्रांची रद्दी आली, मग रंगाचे डबे, मग एक मोडकी सायकल. मला कुणी वाईट वागवले असे मी म्हणणार नाही. कुणी वागवलेच नाही. बसकेतला कापूस दबून दगड झाला.

तिथून सोफे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला नेले. त्याने माझी पाठ उसवली, तिच्यातला चांगला राहिलेला काथ्या-कापूस काढून बसकेत भरला आणि पातळ झालेली पाठ पुन्हा शिवून टाकली. ती आडवी शिवण अजून उठून दिसते. खुर्ची बघायला आलेल्या बाईला तो म्हणाला, "खोटं कशाला बोलू? एकीकडचं काढून दुसरीकडे भरलंय. पण टिकेल."

ती बाई पोटावर हात दाबून इतकी हसली की कारागीर गोंधळला.

"अहो, मग ही आमच्यातलीच की!" ती म्हणाली. "घेतली."

ती टपाल कचेरीत काम करत असे. सगळे तिला टपालवाली म्हणत. मित्रांनो, तिच्या हसण्याचे कारण असे. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. आजार झालेला स्तन डॉक्टरांनी काढला आणि तिच्याच पोटावरचे मांस व कातडी घेऊन त्या जागी नवा घडवला. असे ऑपरेशन झालेल्या बाईला बरेच दिवस सपाट निजता येत नाही. पोटावरचे टाके ओढतात. तिला अर्धवट टेकून, गुडघ्यांखाली उशी घेऊन रात्री काढाव्या लागतात. टपालवालीने अशा रात्री घरातल्या एका ताठ खुर्चीत काढल्या होत्या आणि तेव्हाच मनाशी ठरवले होते की पुढच्या बाईला असे बसावे लागू नये.

तशा बायकांचे एक लहानसे मंडळ होते. एका वाचनालयाच्या माडीवर त्या जमत, आणि मी त्या मंडळाची खुर्ची झाले. जिचे ऑपरेशन होई तिच्या घरी मी जाई. मात्र मला एकटीला कधी धाडत नसत. माझ्यावर शेवटी जी बसली, तिने सोबत यायचे आणि पहिली दुपार नव्या बाईजवळ स्टुलावर बसून काढायची, अशी त्यांची रीत होती.

मी अनेक घरे पाहिली. थकव्याचे वजन मला ओळखू येऊ लागले. दिवसभर राबून आलेला माणूस बसतो तेव्हा त्याचा शीण हळूहळू माझ्यात उतरतो. उठताना तो हलका झालेला असतो. या बायकांचा शीण तसा उतरत नसे. त्या उठत तेव्हा तो त्यांच्याबरोबर उठे आणि परत त्यांच्याबरोबर बसे.

बेकरीवालीचा शीण सगळ्यांत जड होता.

तिचे घर बेकरीच्या वरच्या मजल्यावर होते. पहाटे भट्टी पेटली की पावाचा वास जिन्याने वर येई. ती आजारी असल्यापासून खालचे सगळे तिची नणंद सांभाळत होती. मला पावाच्या गाडीतून आणले तेव्हा माझ्या शिवणीत पीठ शिरले. ते अजून पुरते निघालेले नाही.

माझ्यावर शेवटी बसलेली बाई परगावी गेली होती, म्हणून तिच्याऐवजी टपालवाली आली. पहिल्या दुपारी तिने बेकरीवालीला उठायला शिकवले.

"हातांवर जोर द्यायचा नाही. हात छातीवर घडी. पुढे सरक, पाय आत घे आणि मांड्यांनी उठ."

"मांड्यांनी?" बेकरीवाली म्हणाली. "माझ्यापेक्षा पाण्यातल्या पावाला जास्त जोर असेल."

ती उठली, पण कमरेत वाकूनच. ताठ उभे राहणे अजून जमत नव्हते. दारातून नणंद म्हणाली, "वहिनी, वाकून चालताच आहात तर माझं हरवलेलं कानातलं तेवढं बघा खाली."

"हसवू नको गं, टाके तुटतील!"

मग टपालवाली स्टूल जवळ ओढून म्हणाली, "आता हे नीट ऐक. नव्या जागेला काही कळत नाही. गरम नको, बर्फ नको. विसरू नकोस."

"मला गरम-गार शिकवता होय? भट्टीचा ताव मी पालथ्या हाताने सांगते. काटा चुकेल, माझा हात चुकायचा नाही."

हे खरे होते. भट्टीच्या तोंडाशी पालथा हात नेऊन ती पाव आत घालायची वेळ सांगत असे. गावभर तिची ती ख्याती होती. टपालवालीने पुढे ताणले नाही.

दिवस जात राहिले. ते कसे जात होते हे मला विचाराल तर मी म्हणेन, पाय ओढत. उन्हाची एक पट्टी सकाळी माझ्या पायाशी येई, दुपारी भिंतीवर चढे आणि तिथेच विझे. बेकरीवाली ती पट्टी पाहत पडून राही. खालून करपल्याचा किंचित वास आला की ती ओरडे, "तळाचा घाणा करपत चाललाय, कप्पा काढा!" आणि खालून उत्तर येई, "करपू दे! तुम्ही झोपा!"

नव्या स्तनाकडे ती पाहत नसे. अंघोळ घालताना नणंद पुसून घेई आणि ही छताकडे बघे. त्याचा उल्लेखही 'ते त्यांनी बसवलेलं' असा. तिने एकदाही तिथे स्वतःचा हात लावला नव्हता. मला हे ठाऊक आहे, कारण तिचे दोन्ही हात दिवसरात्र माझ्या हातांवर असत.

एका दुपारी तिचा खांदा फार ठणकू लागला. आखडून बसून तसे होते. नणंदेने मायेने रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणले. बेकरीवालीने सवयीप्रमाणे पालथा हात लावून पाहिला. "बरोबर आहे," ती म्हणाली. टॉवेलात गुंडाळलेली पिशवी खांद्यावर ठेवून ती झोपी गेली. कितीतरी दिवसांनी ती इतकी गाढ झोपली होती.

आणि झोपेत टॉवेल सुटला. पिशवी खांद्यावरून घसरत खाली आली आणि तिची छाती व माझा डावा हात यांच्यामध्ये अडकून राहिली.

मित्रांनो, मला चटका बसत होता. तिला बसत नव्हता.

एकच रबर, एकच पाणी. माझ्या हाताचे कापड तापत चालले होते, आणि एक जिवंत बाई शांतपणे श्वास घेत होती. मला कुरकुरायचे होते. पण खुर्ची आपणहून कुरकुरत नाही. बसलेल्याने कूस बदलावी लागते. तिने बदलली नाही. एवढी असहाय मी जिन्याखालीसुद्धा नव्हते.

संध्याकाळी कपडे बदलताना नणंदेला ते दिसले. नव्या कातडीवर तळव्याएवढा लाल डाग आणि त्यावर फोड आले होते. त्या दोघी तशाच दवाखान्यात गेल्या. परत आल्या तेव्हा पट्टी बांधलेली होती. भाजणे वरवरचे आहे की आत पोचले आहे, हे काही दिवसांनी कळेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. आत पोचले असेल तर तेवढा भाग काढावा लागणार होता.

"पिशवी मीच भरली," नणंद म्हणाली.

"ताव मीच बघितला," बेकरीवाली म्हणाली, आणि नंतर दोघींनी एकमेकींशी बोलणे टाकले. भांडण नव्हते, बोलायला अंगात काही उरले नव्हते. खालून करपल्याचा वास आला तरी आता वरून कुणी ओरडले नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली एवढेच म्हणाली, "मंडळात कुणाला सांगू नकोस. ताव कळणारी बाई म्हणून मिरवत होते मी. आता कुठल्या तोंडाने भट्टीसमोर उभी राहू?"

नणंदेने ऐकले आणि खाली जाऊन लगेच टपालवालीला फोन केला.

टपालवाली आली, दार लोटले, स्टूल ओढले. समजूत घातली नाही. आपल्या सदऱ्याची वरची बटणे सोडली आणि नव्या स्तनावरचा काळसर, लांबट डाग दाखवला.

"फळीवरचा डबा काढायला ओट्यावर वाकले. खाली तापलेला कुकर. कपडा जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं."

बेकरीवाली बघत राहिली. "हे कधी सांगितलं नाहीत."

"सांगणार होते. तू म्हणालीस, गरम-गार मला शिकवू नका."

बेकरीवालीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मग ती पुन्हा विझली. "पण माझा हात बरोबर होता हो."

"हात बरोबरच होता. हाताने सांगितलं ते खांद्यापुरतं. खाली सांगणारं कुणी नव्हतंच. तिथली राखण आता हातानेच करायची." टपालवालीने बटणे लावली. "दवाखान्यात सिस्टर सारख्या येऊन काय बघायच्या, आठवतं?"

"झोपू द्यायच्या नाहीत मेल्या. आल्या की हात लावायच्या."

"ऊब बघायच्या. ऊब आहे म्हणजे रक्त पोचतंय, म्हणजे ते जिवंत आहे. आता तू बघ."

"मी नाही अजून हात लावलेला."

"माहीत आहे. मीही पुष्कळ दिवस नव्हता लावला. तुला प्रेम कर म्हणत नाही त्याच्यावर. डोळे मिट हवं तर. नुसता ताव बघ."

मग माझ्या उजव्या हातावरचे वजन उचलले गेले. बेकरीवालीने डोळे मिटले, पालथा हात पट्टीच्या कडेपासून थोडा दूर धरला, भट्टीच्या तोंडाशी धरावा तसा, आणि मग अलगद टेकवला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"कोमट म्हणजे किती?"

तिच्या पाठीतली थरथर माझ्या शिवणीपर्यंत आली.

"पीठ फुगायला ठेवतो ना," ती म्हणाली, "तेवढं."

दाराबाहेर चहाचे कप किणकिणले. नणंद आत आली. तिचे डोळे सुजले होते.

"किती पाव करपवलेस?" बेकरीवालीने विचारले.

"विचारू नका, वहिनी."

"उद्या कप्पा वेळेवर काढ. नाहीतर मी वरून ओरडेन."

त्यानंतर रोज सकाळी ती पट्टीच्या बाजूला पालथा हात ठेवू लागली. "आहे," म्हणे, आणि नणंद मान हलवे. भाजणे वरवरचे निघाले; काही काढावे लागले नाही. मागे एक तपकिरी डाग राहिला. पट्टी शेवटची सुटली तेव्हा तिने तो आरशात पाहिला आणि म्हणाली, "जरा जास्त भाजलंय. पण विकलं जाईल." एवढे बोलूनही ती दमली आणि माझ्यावर येऊन टेकली. शीण संपला असे मी तुम्हाला सांगणार नाही. तो पुष्कळ महिने राहिला. पण एका पहाटे ती कठड्याला धरून जिना उतरली, भट्टीपुढे हात धरला, "घाला आत," म्हणाली आणि तेवढेच करून वर आली.

मग माझी निघायची वेळ झाली. पावाच्या गाडीतून मी एका संगीत शिकवणाऱ्या बाईच्या घरी गेले. बेकरीवाली सोबत होती. पहिल्या दुपारी स्टुलावर बसून तिने विचारले, "गरम पाण्याची पिशवी आहे का घरात? आण इकडे. ही मी घेऊन जाणार." नंतर त्या घाबरलेल्या बाईचा हात तिने हातात घेतला आणि पालथा केला.

माझा निरोप घेताना तिने तोच हात माझ्या पाठीवरच्या शिवणीवर क्षणभर ठेवला.

मित्रांनो, आता मीही फार दमले आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी असेल, जिन्याखाली ढकललेले, किंवा कोपऱ्यात गप्प टेकून बसलेले. त्याला कुठे चटका बसतो आहे हे ते सांगणार नाही. पुष्कळदा ते त्याला स्वतःलाही कळलेले नसते. येताजाता त्याला हात लावून बघा. तळवा नको, पालथा हात. कोमट लागले तर हात थोडा वेळ तसाच राहू द्या.

आणि उठताना माझ्या डाव्या हातावर जोर देऊ नका. हात छातीवर घडी करा, पुढे सरका, पाय आत घ्या. हळू.