चुलीपुढच्या लादीखालची घोडी

मी एका जुन्या घोडीची कवटी आहे. मित्रांनो, सोमवारी सकाळी मला जमिनीतून बाहेर काढण्यात आले, उजेडात धरण्यात आले आणि माझ्याबद्दल दोन शब्द बोलण्यात आले. हे वाक्य तुम्ही वाचलेच नाही असे समजा. मीही तसेच समजते. उजेड पडला नाही, कोणी काही बोलले नाही, मी आहे तिथेच आहे: क्लेअर या आयरिश परगण्याच्या किनाऱ्यावर, नोनी टाल्टीच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढच्या लादीखाली. आता मला सुरुवातीपासून नीट घाबरू द्या.

जिवंतपणी मी मॅटी टाल्टींची गाडी ओढत असे. मॅटी म्हणजे नोनीचे वडील. मी घोडी असूनही त्यांनी माझे नाव कॅप्टन ठेवले होते, नावाने तरी धीर येईल म्हणून. तो आला नाही. मी बदकांना घाबरे, छत्रीला घाबरे, पाद्रीबाबांच्या टोपीला तर फारच घाबरे. दलदलीतून जळाऊ मातीची गाडी घेऊन येताना डबक्यात एक घाबरलेली घोडी दिसे आणि तिला काय झाले असेल या काळजीने मी जागीच थबके. शेवटी मी म्हातारपणाने गेले. तेवढ्या एकाच गोष्टीला घाबरायचे माझ्याकडून राहून गेले होते.

मेल्यावर भीती संपते असे ऐकले होते. पण आमच्या भागात घोड्याला मेल्यावरही नोकरी असते. घरात जिथे नाचतात तिथे लादीखाली खड्डा करून घोड्याची कवटी ठेवतात. वर पाय आपटला की खाली घुमते. नाहीतर दगडावरचा नाच म्हणजे नुसती खडखड. शेजारच्या हेहिरांकडे दोन कवट्या होत्या आणि त्यांचे घर रिकाम्या घागरीसारखे घुमे. मॅटींना ते बघवत नव्हते. त्यांनी मला चुलीपुढे पुरले. जी घोडी स्वतःच्या टापांच्या आवाजाने दचके, तिच्या डोक्यावर आता नाल ठोकलेले बूट घालून माणसे नाचू लागली. प्रत्येक नाचाला मला वाटे, आज लादी फुटणार.

कौतुकही झाले, नाही असे नाही. मॅटींच्या घरचा दगड बोलतो, असे लोक म्हणत. नाव दगडाचे झाले. मी गप्प राहिले. श्रेय मागायचे तर वर यावे लागले असते.

मॅटी गेले, नोनी म्हातारी झाली, पण रविवारचे वाजवणे चालू राहिले. चर्च आणि जेवण उरकले की दुपारी शेजारी जमत. नोनी कॉन्सर्टिना वाजवते. म्हणजे दोन हातांत धरून ओढायची-दाबायची छोटी पेटी. कोल्मन हेहिर बासरी वाजवतो. सेनन मॅरिनन आठवडाभर लोकांच्या घरी जमिनी घालतो आणि रविवारी आमच्या जमिनीवर नाचून ती किती टिकते ते पाहतो. कागद कोणापुढेच नसतो. ही धून कुठली असे विचारले तर जिच्याकडून शिकली त्या बाईचे नाव सांगतात, मग तिच्या गुडघ्यांची चौकशी होते, मग पुढची धून.

काही हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी नोनीने बूट-मोजे काढले आणि अनवाणी तळवे लादीवर ठेवले. मी हादरले. नाचणारे पाय मला ठाऊक होते. हे पाय हलतच नव्हते. ते नुसते टेकले होते, दाराला कान लावावा तसे. मग हळूहळू माझ्या ध्यानात आले. नोनीच्या कानांनी काम सोडले होते. सेननच्या पायांचा ठेका माझ्यात घुमायचा, तिथून तिच्या तळव्यांत चढायचा, तिथून बोटांत. धुना तर तिच्या बोटांना पाठच होत्या, तिला हवा होता तो ठेका. म्हणजे या बाईचे कान आता मी होते. मला स्वतःला कान नाहीत. दोन भोके आहेत, त्यात माती आहे. अशा कवटीवर ही जबाबदारी. त्या दिवसापासून मी दोघींच्या वाटचे घाबरू लागले.

हे कोणालाच कळले नाही. कोणी काही बोलले की नोनी म्हणे, "हवा बिघडणार आहे." आमच्या किनाऱ्यावर हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चुकत नाही.

मग गॉलवेहून तिची भाची आली, डिम्फ्ना, भावाची मुलगी. तिचाही बँड आहे. त्यात चार जण आहेत, पैकी एक संगणक. आत्या थंडीत अनवाणी बसलेली पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हातारीचे पाय गारठतात आणि तिला कळतही नाही, अशी तिने समजूत करून घेतली आणि प्रेमाची माणसे करतात तेच केले, म्हणजे न विचारता ठरवून टाकले. सगळी जमीन उकरायची, फोमचा जाड थर घालायचा, त्यावर गरम पाण्याचे पाइप, त्यावर काँक्रीट. काम सेननला दिले. नोनीला सगळे समजावून सांगितले तेव्हा तिने मान डोलावली आणि हवा बिघडणार असल्याचे सांगितले.

फोमचे तक्ते अंगणात येऊन पडले तेव्हा तिला कळले. तोवर सारे शेजारी तिचे अभिनंदन करून गेले होते. नको म्हणायचे तर का नको तेही सांगावे लागणार. त्या दुपारी ती एकटीच लादीवर पाय टेकून बसली. तळवे कापत होते. मीही कापत होते. कोणाचे कापरे कोणात जात होते ते मला सांगता येणार नाही.

काम सोमवारी सुरू होणार होते. आदल्या रविवारी शेवटचे वाजवणे म्हणून डिम्फ्नाने एक काळा खोका आणला आणि नेमका माझ्या डोक्यावर ठेवला.

कोल्मनने त्याला एक फेरी मारली. "याला फुंकायचं कुठून, पोरी?"

"भिंतीतून, काका. तिथं वीज असते."

"म्हणजे वीज गेली की तुमचं गाणं बंद."

"तुमचा दम गेला की तुमचंही बंदच की."

तिने कळ दाबली. धून जुनीच होती, लहानपणी नोनीनेच तिला शिकवलेली, पण तिच्याखाली असा काही जाड ठोका होता की माझ्या आयुष्यातली सगळी बदके छत्र्या घेऊन एकदम चालून आल्यासारखे वाटले. माझे उरलेसुरले दात वाजू लागले. वर नोनीच्या पायांची बोटे फाकली. तिने पेटी उचलली आणि थेट ठेक्यात शिरली. कोल्मनला मागे राहणे परवडणारे नव्हते, त्याने बासरी लावली. सेनन उठला आणि नाचू लागला. जुने-नवे एकाच वेळी माझ्या डोक्यावर होते, आणि खरे सांगते, घुमत फार छान होते. मी घाबरतच घुमत होते.

तेवढ्यात कोल्मनचा चहाचा कप थरथरत टेबलाच्या कडेला आला. त्याने आधी कप वाचवला आणि मग तो खोका कुठे तरी मऊ जागी ठेवा म्हणून सांगितले. डिम्फ्नाने खोका उचलून उशीवर ठेवला. सेननही दम खायला बसला. लादीवर काहीच उरले नाही.

नोनी वाजवत राहिली. पण ठेका सुटला. घोडी सुटलेली गाडी उतारावर जाते तशी तिची धून भरकटली. खोका एकीकडे, ती एकीकडे. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. डिम्फ्नाने आधी उशीकडे पाहिले, मग त्या अनवाणी पायांकडे. तिने खोका पुन्हा लादीवर ठेवला. पुढच्याच ठोक्याला नोनी ठेक्यात.

डिम्फ्नाने खोका बंद केला आणि आपले ओठ दिसतील अशी ती आत्याच्या पुढ्यात बसली.

"आत्या, कधीपासून?"

"हवा बिघडणार आहे."

"आत्या."

नोनीने पेटी मांडीवर मिटली. "पायांना येतं ऐकू. तेवढं पुरतं मला."

"मग बोलली का नाहीस? मी इथं फोम घालणार होते."

"बोलले असते तर मी काहीही वाजवलं तरी तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. बहिरी आहे बिचारी म्हणून."

मग कोल्मन तिच्यासमोर येऊन सावकाश, ओठ मोठे करून म्हणाला, "नोनी, तुला या घरात टाळ्या कधी वाजवल्यात आम्ही?"

नोनीने जरा आठवून पाहिले. "नाही," ती म्हणाली आणि तिचे पाय हसले. पाय हसतात, मित्रांनो. मला खालून दिसते.

सोमवारी जमीन उकरली नाही. पण ओलीने कवटी कुजली असेल तर लादी खचेल, म्हणून सेननने फक्त ती एकच लादी उचलली. (तुम्ही हे वाचत नाही आहात.) त्याने मला उजेडात धरले. आकाश माझ्या लक्षात होते त्यापेक्षा बरेच मोठे निघाले.

"ठणठणीत आहे," सेनन म्हणाला. "पण एकच?"

"मॅटी तर आयुष्यभर तीन सांगायचे," कोल्मन म्हणाला.

आपल्याला ऐकू आले नाही असे नोनीने प्रथमच सोयीने दाखवले.

संध्याकाळी कोल्मन पोते घेऊन परत आला. पोत्यात त्याच्या घरच्या दोनपैकी एक कवटी होती. त्याची मुले ऑस्ट्रेलियात गेली, तिथे आता नाचते कोण. ती तिकडे नुसती झोपून असते, तो म्हणाला. हे सांगताना तो चुलीकडे बघत होता. आता ती माझ्याशेजारी आहे. घोड्याची आहे, मोठी आहे, अजून एक शब्द बोललेली नाही. मला तिचीही भीती वाटते. घुमते मात्र सुरेख.

मित्रांनो, कोणी थंडीत अनवाणी बसलेले दिसले तर जरूर ऊब द्या, पण आधी विचारा. आणि ज्या जमिनीवर नाचता तिच्याखाली कोणी तरी घाबरत आहे, याची जाणीव ठेवून जोरात नाचा. हळू नाचलात तर वर ऐकू जात नाही.

प्रति,
माननीय अधिकारी, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय.
विषय: मुदतवाढ मिळणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, श्रीमती नोनी टाल्टी यांची नोंद आपल्याकडे एकदा झालेली असून दुसरी नोंद कोणत्याही कारणास्तव करण्यात येऊ नये. सदर महिलेचे पाय लादीवर नसतात त्या वेळी लादीखालील अर्जदारास अंधाराची भीती वाटते.