पानं धरून ठेवणारी यादी

सेतूला बोलवायचं माझ्या मनात नव्हतं. पण आमचा कॉम्प्युटरवरचा तिथींचा प्रोग्राम रोज अर्ध्यात अडकत होता, आणि त्यातलं त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.

कुंभकोणम आणि आसपासच्या मराठी घरांना श्राद्धाची तिथी महिनाभर आधी पत्रानं कळवायची, हे काम माझ्या बायकोनं, गोमतीनं सुरू केलं. प्रोग्राम तिनं आणि सेतूनं मिळून लिहिला. मी एकेक घराचं पान उघडून तपासायचो आणि पत्रं छापायचो. अकरा वर्षं ती त्याच्याशी फोनवर तमिळमध्ये बोलायची, हसायची. मी जळायचो. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणायची, "कामाचं आहे. तुम्हांस नाही कळणार."

आता तिच्याच वर्षश्राद्धाची पत्रं जायची होती. तिचं पान शेवटचं. क्रम मोडलेला तिला चालत नसे, आणि मशीन तिथवर पोचत नव्हतं.

सेतू दुपारी आला आणि न विचारता तिच्या खुर्चीत बसला. माउस डावीकडे होता, तो त्यानं हलवला नाही. ती डावरी होती हे त्याला ठाऊक होतं. तेही मला आवडलं नाही.

त्यानं आकडा दाखवला. मशीनच्या चार जीबी मेमरीतले तीन एकटा प्रोग्राम खात होता. बंद केलेलं पान कुणी धरलेलं नसेल तर प्रोग्रामचा झाडूवाला ते आपणच उचलून नेतो, असं तो म्हणाला. इथं एक यादी सगळी पानं फोटोंसकट धरून बसली होती. घरं चाळीस होती तोवर चाललं. आता चारशे झाली.

"मग इतकी वर्षं काढली का नाहीस?"

"अक्का नको म्हणाल्या, सार. कोडमध्ये यादीच्या वर एक ओळ लिहून ठेवलीय. मला अर्थ कळत नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. मराठी त्याला येत नाही.

गोमतीची शाळा तमिळ. घरची मराठी ती तमिळ अक्षरांतच लिहायची, तिची आई लिहायची तशी. मी चष्मा शोधेपर्यंत सेतूनं अडखळत वाचलं.

"ह्यांस वाट पाहवत नाही. उघडायला उशीर झाला की चिडतात. म्हणून पानं धरून ठेवली आहेत."

पहिल्या वर्षी एकेक पान उघडायला सात-आठ सेकंद लागायचे आणि मी मशीनला शिव्या द्यायचो. मग एकदा उघडलेली पानं पुन्हा झटकन उघडू लागली. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी त्याला यादी काढायला सांगितली. ओळ मात्र राहू दे म्हणालो. तिला मेमरी लागते का, विचारलं. लागत नाही, मशीन ती वाचतच नाही, असं तो म्हणाला.

"पण लिहिलंय काय, सार?"

"कामाचं आहे," मी म्हणालो. "तुला नाही कळणार."

त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. मग त्याच्यासाठी कॉफी करायला उठलो.