रंध्यांची ओळखपरेड

कारखान्यातल्या थोरल्या मिस्त्रींचा रंधा हा रंधा नव्हताच मुळी. तो त्यांचा उजवा हात. पाचर सैल झाली की म्हणायचे, "आज सांधा दुखतोय." पात्याला खाच पडली की दोन दिवस जेवण जायचं नाही. आणि हे सगळं ऐकायला शेजारच्या टेबलावर त्यांचा धाकटा साडू. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे बिचाऱ्याला सुट्टीच्या दिवशीसुद्धा सुटका नव्हती.

खरं सांगायचं तर धाकट्याचाही आपल्या रंध्यावर तेवढाच जीव होता. फक्त त्याने कधी त्याची टिमकी वाजवली नाही.

अशात नवे साहेब आले, ते फर्मान घेऊनच. अवजारं कंपनीची, कुणाच्या बापाची नाहीत! संध्याकाळी सगळी कोठीत जमा करायची, सकाळी जे हाती येईल ते घ्यायचं. कोठीवाल्याला तर इतका उत्साह आला की त्याने अठराच्या अठरा रंधे घासले आणि सगळ्यांना एकाच रंगाचं पॉलिश चोपडलं. खुणा गेल्या, आकडे गेले. सुतारांचा जीव कासावीस झाला.

"साहेब, दुसऱ्याच्या ब्रशने तुम्ही दात घासाल का?" थोरल्यांनी तावातावाने विचारलं.

"लाकडाचा ठोकळा आहे हो तो," साहेब हसले. "बरं, डोळे बांधून तुमचा ओळखून दाखवा. ओळखलात, तर ज्याचा त्याला परत. चुकलात, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

झालं! अठरा जणांचं नशीब थोरल्यांच्या तळहातावर येऊन बसलं.

डोळ्यांवर रुमाल बांधून थोरले पुढे झाले. पहिले सात रंधे त्यांनी नुसते चाचपले आणि नाक मुरडून बाजूला सारले. आठव्याची मूठ धरली मात्र, त्यांना गलबलून आलं.

"हाच! अहो, स्वतःचा हात कुणी विसरतं का?" रुमालाखालून पाणी ओघळायला लागलं.

धाकट्याने वाकून तो रंधा निरखला. मुठीच्या मुळाशी एक बारीक तडा होता, पॉलिशखालीही न बुजलेला. बारा वर्षं त्याचा अंगठा रोज त्याच तड्यावर टेकत आला होता. तो रंधा त्याचा होता.

"हा यांचाच कशावरून?" साहेबांनी धाकट्याकडे मोहरा वळवला. "तुम्ही शेजारी असता, तुम्ही सांगा."

नाही म्हणावं आणि भर कारखान्यात या बढाईखोराची जिरवावी, असं त्याला फार वाटलं. लग्नापासूनची हौस फिटली असती! पण सगळे सुतार श्वास रोखून त्याच्याकडे बघत होते.

"हो साहेब, त्यांचाच," तो म्हणाला, आणि त्याच्या उजव्या मनगटात खरोखरच कळ आली.

मग आपापला रंधा उचलायला एकच गोंधळ उडाला. एका रंध्यावर दोघांनी आईची शपथ घेतली, एकाने दोनदा आपला 'हात' बदलला. सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेला एक धाकट्याच्या वाट्याला आला. तो थोरल्यांचा होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बघितलंस ना साडूभाऊ?" दुसऱ्या दिवशी थोरले रंधा मारता मारता म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातात हा असा चाललाच नसता!"

"नसताच चालला," धाकटा म्हणाला. त्याची खात्री होती की आपल्या हातातलं हे परकं धूड आता अडणार, लाकूड फाडणार, आणि निदान तेवढं तरी समाधान आपल्याला मिळणार. त्याने रंधा फळीवर टेकवला आणि रेटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सालपट सरसर निघालं, अखंड, पापुद्र्यासारखं पातळ. बारा वर्षांत त्याच्या हातून असं निघालं नव्हतं.

जाता जाता साहेब थांबले. त्यांनी ते सालपट उजेडात धरून पाहिलं.

"चुकलोच हो मी," ते मनापासून म्हणाले. "ज्याचा रंधा त्यालाच हवा."

साहेब पुढे गेले. धाकट्याने ते सालपट पायाखाली चुरडलं, दात-ओठ खात रंधा पुन्हा रेटला, आणि दुसरं सालपटही तसंच निघालं.