हात उचलायचा नाही

माझी जीभ जहाल, म्हणून वॉर्डात मला तिखट सिस्टर म्हणतात. म्हणोत बापडे. गोड बोलणाऱ्या सिस्टरचे रुग्ण काही आधी घरी जात नाहीत.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांच्या हृदयाची सकाळी तपासणी झाली होती. त्यासाठी जांघेतल्या धमनीत घातलेली नळी अजून काढायची होती. दुपारी आजोबांचं डोकं फिरलं. या वयात असं काही केलं की कुणाकुणाचं फिरतं. ते मला चोर समजून शिव्या हासडत होते आणि नळी उपटायला बघत होते. शेवटी डॉक्टरांना विचारून मी त्यांचे दोन्ही हात मऊ पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधले. बांधताना वाईट वाटतं. इतकी वर्षं झाली तरी वाटतं.

भेटीच्या वेळेला त्यांचा मुलगा आला. बापाचे बांधलेले हात बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो थेट व्यवस्थापक साहेबांनाच घेऊन आला. साहेबांना रुग्णापेक्षा रुग्णालयाच्या नावाची काळजी. मी सांगितलं, हात सोडले तर नळी उपटतील, जवळ बसायला माणूस द्या. माणूस कुठून आणू, असं ते मलाच विचारायला लागले. माझ्या जोडीच्या सिस्टरला त्यांनीच शेजारच्या वॉर्डात पाठवलं होतं. मग मी मुलाला म्हटलं, तुम्ही बसा, त्यांचे हात धरून ठेवा, उठायचं झालं तर आधी मला हाक मारा. तो बसला, म्हणून मी पट्ट्या सोडल्या. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला आणि हा गृहस्थ कानाला फोन लावून बाहेर निघून गेला. हाक नाही की काही नाही.

मी कोपऱ्यातल्या एका रुग्णाला इंजेक्शन देत होते तेवढ्यात वॉर्डातली मावशी किंचाळली. वळून पाहिलं तर आजोबांच्या मुठीत नळी होती आणि जांघेतून रक्ताची चिळकांडी उडत होती. मी धावत जाऊन खाटेवर चढले, गुडघे टेकले आणि पंजावर पंजा ठेवून सगळं वजन तिथे टाकलं. मावशीला डॉक्टरांकडे पिटाळलं. अशा वेळी धमनीवरचा हात उचलायचा नसतो, काही झालं तरी नाही. खालून आजोबा ओरडत होते, "मारतेय, ही मला मारतेय."

नेमका तेव्हाच मुलगा आत आला. चादर रक्ताने भिजलेली, बाप ओरडतोय आणि मी बापाच्या अंगावर चढलेली, एवढंच त्याला दिसलं. पहिला ठोसा कानावर बसला. दुसऱ्याने नाकाचं हाड मोडलं, तो आवाज माझा मलाच ऐकू आला. मी सांगायला तोंड उघडलं तर तोंडात रक्त आलं. त्याने केस धरून मला मागे खेचलं. मी आणखी पुढे वाकले, तेव्हा केसांचा पुंजका त्याच्या हातात गेला. मग त्याने बरगडीत लाथ घातली, मग पुन्हा तिथेच. समोरच्या खाटेजवळचा एक नातेवाईक मोबाइलवर चित्रण करत होता.

हात सोडावासा वाटला. खोटं कशाला बोलू? चेहरा झाकायला तरी एक हात हवा होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, जाऊ दे याचा बाप, बघू दे याला, असंही मनात आलं. हात मात्र तिथेच राहिले.

मावशी परत आली ती हातात स्टीलचं भांडं घेऊनच. तिने ते त्याच्या पाठीत असं घातलं की तो जमिनीवरच बसला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, यायला वेळ लागणार होता. माझा एक डोळा मिटत चालला होता आणि डोकं गरगरत होतं. मी पडले असते तर आजोबा गेले असते, आणि मावशीच्या अंगात तेवढं वजन नव्हतं.

"इकडे ये," मी त्याला म्हटलं. "तुझ्या बापाने नळी उपटलीय. मी रक्त थांबवतेय. हात ठेव इथे."

त्याने बापाचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि उठून आला. मी त्याचे पंजे माझ्या पंजांखाली सरकवून घेतले, जागा दाखवली आणि मगच माझे काढून घेतले. खाली उतरले आणि खाटेचा कठडा धरून त्याच्याशेजारी उभी राहिले. जरा सैल पडला की त्याला कोपर मारत होते. त्याला सगळं उमगत गेलं तसा तो रडायला लागला.

"एवढं मारलं, तरी हात कसे नाही सोडलेत?" त्याने विचारलं.

"सोडायचे होते," मी म्हटलं. "दाब नीट."

डॉक्टर आले, आजोबा वाचले. डॉक्टरांच्या मागोमाग साहेबही आले. मला बाजूला घेऊन म्हणाले की भावनेच्या भरात होतं असं, आपलं काम सेवेचं, तक्रार करून विनाकारण बोभाटा होईल. मुलगा पाया पडायला वाकला. त्याची नोकरी जाईल म्हणाला, बाबांचं करणारं दुसरं कुणी नाही म्हणाला.

मी पाय मागे घेतले. "तुझ्या बापाला वाचवणं माझं काम होतं. तुला वाचवणं नाही."

साहेब आणखी काही सांगत होते. मी मावशीला म्हटलं, पोलीस चौकीपर्यंत माझा हात धर, मला या डोळ्याने काही दिसत नाहीये.