सहा इंग्रजी अक्षरं

भंगारातला निळा ड्रम, झाकणासकट.
आठ दहाची हिंजवडीची बस.
भाताची रोपं, मुठी बांधून ठेवलेली.
दोन रकाने: हॅझर्ड. रिस्क.
राख, काथ्या, राख.

घोटावडे, जुलै २००६. तुळजाबाईंकडे आज इर्जिक होती. लावणीला गावातली एकवीस माणसं येणार, मजुरी नाही, फक्त जेवणपाणी. पाण्यासाठी त्यांच्या राजूनं ड्रम आणला होता. तो घासून, आदल्या संध्याकाळीच भरून अंगणात ठेवलेला. वर चिकटवलेला कागद निघाला, पण खाली छापलेली सहा इंग्रजी अक्षरं निघेनात. म्हणून त्यांनी भाडेकरू जान्हवीला विचारलं.

जान्हवी परभणीची. कारखान्यांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर तपासायची. चपला घालत, घाईत, तिनं अर्थ सांगितला: "हॅझर्ड म्हणजे अपाय करू शकेल अशी वस्तू. करेलच असं नाही, मावशी."

"मंग न्हाई करत. तीनदा घासलाय."

अर्थ बरोबर होता. बसमध्ये, माणच्या अलीकडे, तिला तो पुन्हा ऐकू आला. सॉफ्टवेअरच्या पहिल्या रकान्यात वस्तू. दुसऱ्यात शक्यता. दुसरा रकाना भरताना विचारायचं असतं, किती माणसं, किती जवळ. एकवीस. तोंडाला.

राजूचा फोन लागेना. ती उतरली. उलट जाणारी सहा आसनी मिळायला वीस मिनिटं गेली. रिक्षावाला प्रत्येक फाट्यावर माणूस शोधत थांबत होता.

बांधावर न्याहारी सोडलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ड्रम, झाकण उघडं. तुळजाबाईंच्या हातात भरलेला तांब्या, समोर म्हातारे भैरूआबा ओंजळ धरून. ऑफिस बुडवून चिखल तुडवायला आली का, असं कुणीतरी विचारलं. बाया हसल्या.

जान्हवीनं इंग्रजी शब्द घेतलाच नाही.

"मावशी, इख हाय त्यात."

हसणं थांबलं. भैरूआबांनी ओंजळ सोडली.

"सकाळी तर येगळं सांगितलंस."

"सकाळी पुस्तकातलं सांगितलं."

तुळजाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग राजूला हाक मारून ट्रॉली रस्त्याकडेला न्यायला लावली, वावरात थेंब पडू न देता ड्रम आडवा करवला. कोण कोण प्यालं ते त्यांनी एकेकाला नावानं विचारलं. कुणीच नाही. दोन बाया हंडे घेऊन विहिरीकडे निघाल्या. जान्हवी बांधावर बसली.

सकाळी साडेसहाला तिनं आणि तुळजाबाईंनी घेतलेला चहा त्याच ड्रमातल्या पाण्याचा होता.